तोंडावरचा हात

गावात माझा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. तोंड मात्र कुणी नीट पाहिलेलं नसावं. तीस-पस्तीस वर्षं मी लाउडस्पीकरचा धंदा केला. लग्न असो, सप्ताह असो, कुस्त्या असोत, कुणाची म्हैस हरवलेली असो, लिंबाच्या झाडाला भोंगा बांधायचा आणि खाली बसून बोलायचं हे माझं काम. माईक जुना होता, खरखर करायचा. तो ओठांना टेकवून वरून डाव्या हाताची ओंजळ धरली की खरखर कमी व्हायची. ही सवय अशी अंगात मुरली की माईक नसतानाही हात आपोआप तोंडाशी जायचा. घरात बायकोला चहा मागतानासुद्धा मी मूठ तोंडासमोर धरून मागायचो. ती म्हणायची, "हे मला सांगायलाव का साऱ्या गावाला?"

पुढं तंबाखूनं दात नेले. कवळी करून आणली, ती हिरड्यांना टोचायची म्हणून डब्यात पडून राहिली. मग हाताच्या जोडीला खांद्यावरची दस्ती आली. बोलायचं झालं की दस्तीचं टोक तोंडावर. बोळकं दाखवत फिरायला मी काही पाळण्यातलं पोर नव्हतो. तोवर डीजेवाले आले, माझी मशीन माळ्यावर गेली आणि भोंगा कोपऱ्यात उताणा पडला. तीन वर्षांमागं बायको गेली. त्यानंतर घरात माझं बोलणं होईना, आणि खरं सांगायचं तर कुणाला त्याची अडचणही होत नव्हती.

मुलगा आणि सून मिळून आमच्या घरचा एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. दसरा झाला की दोघं कोल्हापूरकडं ऊस तोडायला जातात आणि चैत्रात परत येतात. नात झाली तेव्हापासून तीही त्यांच्याबरोबर फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर असायची. ऊसतोड मी तरुणपणी एक हंगाम केलेली आहे, त्यामुळं तिथं काय असतं ते मला माहीत आहे. उजाडायच्या आत फडात जायचं, पाचटानं गाल कापू नयेत म्हणून डोळे तेवढे उघडे ठेवून साऱ्या तोंडाला फडकं गुंडाळायचं, आणि लेकरू बांधावर टाकायचं. दिवस मावळून परत आलं की चूल, भांडी, आणि पाठ टेकली की झोप. लेकरानं आईकडं बघितलं तर त्याला दिसायचे ते डोळेच.

गेल्याच्या गेल्या साली नातीला तिसरं सरत आलं तरी ती एक अक्षर बोलत नव्हती. रडायची, हसायची, हाताला धरून ओढायची, पाहिजे त्याच्याकडं बोट करायची. शब्द नाही. बायका येता-जाता मुकी मुकी म्हणायला लागल्या होत्या. सुनेच्या कानावर ते पडलं की ती पोरीला उचलून आत न्यायची.

दसरा झाला आणि गाडी भरायची वेळ आली तेव्हा सून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. आमच्या घरात सुना सासऱ्यासमोर पदर पुढं ओढून, त्याचा काठ दातांत धरून बोलतात. माझी आई तशीच बोलायची, बायको तशीच बोलायची. त्यामुळं सूनबाईचं बोलणं मला नेहमी कापडातून यायचं.

"मामा, औंदा पोरीला तुमच्यापाशी ठिवते," ती म्हणाली. "तिकडं तिच्याकडं बघाया मला वख्तच मिळत न्हाई. एवढं करा, आमी येऊस्तोर तिला 'आई' म्हणाया शिकवा. दुसरं काय न्हाई आलं तरी चालंल."

"त्येची कशाला फिकीर करती?" मी दस्तीआडून म्हणालो. "बोलणं शिकवाया माझ्यापरीस कोण पायजे?"

गाडी गेली. त्या आठवड्यात निम्मं गाव गेलं. ओळीनं कुलपं. राहिलो आम्ही म्हातारेकोतारे, कुत्री, आणि शाळेच्या वसतिगृहात जेवायला जाणारी दहा-पंधरा पोरं. पोरीनं दोन दिवस दारात बसून रस्त्याकडं बघितलं. तिसऱ्या दिवशी ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या खाटेला पाठ लावून बसली. मला वाटलं, चला, कामाला लागू.

मला एकच विद्या येत होती, मोठ्यानं बोलायची. ऐकू कमी येत असेल म्हणून पोरगी बोलत नाही, हा माझा अंदाज. आधी मी पाठीमागून ओरडून बघितलं. मग काम करता करता ओरडून बघितलं. ती दचकायची, वळून बघायची आणि पुन्हा आपल्या खड्यांशी खेळायला लागायची. चार दिवसांनी मला मोठीच अक्कल सुचली. माळ्यावरून मशीन उतरवली, धूळ झटकली, भोंगा खाटेवर ठेवला, माईक ओठांना लावला, वर ओंजळ धरली आणि जोरात म्हणालो, "आ ई!"

भिंतीवरची पाल पडली. पोरगी किंचाळत कणगीमागं जाऊन बसली, ती तासभर बाहेर येईना. शेजारची म्हातारी काठी टेकत दारात आली.

"कावून वरडायलास रं?" ती म्हणाली. "कोण मेलं का काय?"

"नातीला बोलाया शिकवायलो," मी म्हणालो.

"आसं? आता साऱ्या शिवाराला आई म्हणता येतंय. तिलाच तेवढं न्हाई आलं," असं म्हणून ती गेली. मला तिचा राग आला, पण मशीन मी पुन्हा माळ्यावर टाकली.

दिवाळीनंतर पोरीला घेऊन गेवराईवरून एसटीनं बीडला गेलो. कानाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीच्या कानात काय काय घालून बघितलं, कागदावर रेषा काढल्या आणि सांगितलं की कान एकदम चांगले आहेत. मला धक्काच बसला. कान चांगले असतील तर बोलत का नाही, असं मी विचारलं. विचारताना अर्थात दस्ती तोंडावर.

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "बाबा, घरीही तुम्ही हिच्याशी असंच बोलता?"

"आसं म्हंजी?"

"तोंड झाकून."

मी म्हणालो की आमचं बोलणं दोन कोसांवर ऐकू जातं, तोंडाचा काय संबंध. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक कागद घेतला, आपल्या तोंडासमोर धरला आणि पोरीला म्हणाल्या, "बाळा, पाणी." पोरगी माझ्या सदऱ्याच्या गुंडीशी खेळत होती, ती खेळतच राहिली. मग बाईंनी कागद खाली घेतला, खुर्ची पुढं ओढून पोरीच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि त्याच आवाजात, जराही न चढवता म्हणाल्या, "पाणी." पोरीचा हात गुंडीवर थांबला. ती बाईंच्या ओठांकडं बघायला लागली. बाईंनी पुन्हा म्हटलं. पोरीनं आपले ओठ मिटले आणि उघडले. आवाज निघाला नाही, पण ओठ हलले ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"लेकरं नुसत्या कानानं शिकत नाहीत," बाई म्हणाल्या. "बोलणाऱ्याचं तोंड बघतात. कोणत्या आवाजाला ओठ मिटतात, कुठं जीभ पुढं येते, हे दिसलं की कानावर पडलेलं त्यांना उलगडतं. मिटलेल्या ओठांचे आवाज त्यांना आधी दिसतात. उशिरा बोलण्याचं एकच एक कारण नसतं, मी शपथेवर सांगणार नाही. पण तिला तोंड दिसू द्या. रोज तिच्यासमोर, तिच्या उंचीला बसा, उजेडात बसा, आणि हळू बोला. दोन महिन्यांनी मला दाखवा."

येताना एसटीत मी चांगलाच घुश्शात होतो. आयुष्यभर ज्या आवाजावर पोट भरलं त्याला ही बाई बिनकामाचा ठरवते म्हणजे काय. शेजारी बसलेल्या माणसाला मी हे सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "दस्ती काढून बोला, काय म्हणायलाव कळंना." मग मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ऊन आलं तेव्हा पोरीला उंबऱ्याच्या आत बसवलं आणि मी समोर मांडी घातली. दस्ती काढून मांडीखाली घातली, म्हणजे हाताला सापडू नये. आणि मला लाज वाटली. तीन वर्षांच्या पोरीपुढं साठीच्या माणसाला बोळकं दाखवायची लाज वाटली, हे सांगायलाही आज अवघड जातं. कवळी घालून बघितली, तर ती बोलताना खटखट वाजायची आणि पोरगी शब्द सोडून कवळीच बघायची. ती परत डब्यात गेली. हात तर सारखा वर यायचा. शेवटी मी दोन्ही हातांनी माझेच गुडघे धरून बसायला लागलो.

हळू बोलणं मला येतच नव्हतं. सुरुवात हळू करायचो आणि तिसऱ्या वाक्याला पंगतीला बोलावल्यासारखा आवाज चढायचा. शिवाय बोलायचं काय? जाहिराती, निरोप, आणि 'वऱ्हाडी मंडळींनी जेवायला चलावं' यापलीकडं मी कधी बोललोच नव्हतो. मग जे दिसेल ते बोलायला लागलो. ही चिमणी. हे मीठ. हा माझा पाय, ही त्याची भेग. पोरगी टक लावून माझ्या तोंडाकडं बघायची. इतकं लक्ष देऊन माझ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. भोंग्याकडं माणसं बघतात, खाली बसलेल्या माणसाकडं नाही.

तिला अर्थ कळत नव्हता, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. तिच्या आजीबद्दल सांगितलं. ती कशी रागवायची, भाकरी कशी थापायची, शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात मला काय काय म्हणाली. आणि सांगता सांगता ध्यानात आलं की बायकोचे शब्द मला आठवतात, पण ते बोलताना तिचं तोंड कसं व्हायचं ते आठवत नाही. मी कधी तिच्याकडं बघून ऐकलंच नव्हतं. ती सवयीनं माझ्यापुढंही पदर धरून, मी तिच्यापुढं मूठ धरून, असा आमचा चाळीस वर्षांचा संसार झाला. त्या दिवशी मी पोरीसमोर रडलो. तिनं माझ्या ओठांना बोट लावून बघितलं, ते का थरथरतात म्हणून.

हे सगळं इकडचं तिकडचं बोलून झालं की रोज शेवटी 'आई' शिकवायचो. सुनेला शब्द दिला होता. पहिला शब्द तिचाच झाला पाहिजे, म्हणून 'आबा' हा शब्द मी मुद्दाम तोंडातून काढला नाही. बाईंनी सांगितल्याप्रमाणं 'आबा' सोपा पडला असता, त्यात ओठ मिटतात. 'आई'ला ओठ मिटत नाहीत. नुसता आ वासायचा आणि मग तोंड दोन्हीकडं ताणायचं. मी तिच्यासमोर आ वासून बसायचो, बिनदातांचा, आणि म्हणायचो, "आई. आई." दिवसातून पन्नास वेळा तरी. भिंतीवर मुलाच्या लग्नाचा फोटो होता, त्यातल्या सुनेकडं बोट दाखवावं हे मला सुचलं नाही. शिकवायचं म्हणजे म्हणून घ्यायचं, एवढंच मला ठाऊक. आणि माझा फोन बटणांचा, त्यात कुणाचं तोंड दिसत नाही.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी मी लसूण सोलत होतो. पोरगी समोर येऊन बसली, माझं तोंड बघितलं, आपलं तोंड मोठं केलं आणि म्हणाली, "आई."

हातातला लसूण खाली सांडला. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं, ती पुन्हा म्हणाली. तिनं ओठ माझ्यासारखेच आत घेतले होते, स्वतःचे चांगले पांढरे दात झाकून. मी तसाच फोन लावला. सून फडात होती.

"म्हणाली गं," मी ओरडलो. "आई म्हणाली! दोनदा!"

पलीकडून पाचटाची सळसळ आली. मग ती म्हणाली, "खरं, मामा?" आणि लगेच म्हणाली, "मला ऐकवा की." मी फोन पोरीपुढं धरला. पोरीनं फोन उलटासुलटा करून बघितला. त्यात तोंड नव्हतं, ती काही बोलली नाही. सून म्हणाली, "असू द्या. आल्यावर ऐकीन. तीनच महिने ऱ्हायलेत."

मी त्या दिवशी शिरा केला आणि शेजारच्या म्हातारीला नेऊन दिला. फार मोठा तीर मारल्यासारखं वाटत होतं.

पाच-सहा दिवसांनी पोरगी अंगणात पळताना पडली. गुडघा फुटला. ती उठली आणि "आई! आई!" करत आली, आणि तिनं सरळ माझ्या पायांना मिठी मारली. मला वाटलं, आईची आठवण आली असेल. दुपारी तिला भूक लागली तेव्हा ताटली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आई." संध्याकाळी मी ओसरीवरून उठून आत जायला लागलो तर मागून धोतर धरलं. "आई."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दोन महिने तिच्यासमोर बसून, माझं तोंड दाखवून, एकच शब्द म्हणत होतो. तिला काय कळणार होतं? समोर बसणाऱ्या या बोळक्या तोंडाचं नाव आई.

मी ते मोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. छातीवर हात ठेवून म्हणायचो, "मी आबा. आबा." ती खुशाल हसायची आणि म्हणायची, "आई." पण खरं सांगतो, मी फार जोर लावला नाही. बायको गेल्यापासून सबंध दिवसात मला कुणी कशानंही हाक मारत नव्हतं. आता सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कुणीतरी मला शोधत होतं, माझं धोतर धरत होतं. नाव चुकीचं होतं, पण हाक मलाच होती. मला बरं वाटत होतं. दर आठवड्याला सुनेचा फोन यायचा, "म्हणती का, मामा?" आणि मी म्हणायचो, "म्हणती की. दिवसभर म्हणती." हे खोटं नव्हतं. आणि खोट्यापेक्षा वाईट होतं.

पाडवा झाला, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि माणसं परतली. गाडी वेशीवर थांबली तेव्हा मी पोरीला कडेवर घेऊन उभा होतो. सून उडी मारून खाली उतरली. तिनं पिशव्यासुद्धा उतरवल्या नाहीत, धावत आली आणि पोरीसमोर हात पसरले. मी पोरीला खाली ठेवली. सून गुडघ्यावर बसली. मी समोर आहे म्हटल्यावर पदर तेवढा दातांत होता.

"आई म्हण," ती म्हणाली. "म्हण की गं माझ्या बाय. आई म्हण."

पोरीनं त्या कापडाकडं बघितलं. एकदा वर, एकदा खाली. मग ती मागं वळली, माझ्या पायांना मिठी मारली आणि स्पष्ट म्हणाली, "आई."

उतरणारी माणसं हसली. मुलगाही हसला, त्याला ती गंमत वाटली. सून हसली नाही. ती उठली, पिशव्या घेतल्या आणि घराकडं चालायला लागली. घरी आल्यावर सहा महिन्यांची भांडी तिनं आमच्याकडं पाठ करून घासली. मी ओसरीवर बसलो होतो, उठायचं धैर्य होईना. सगळी भांडी पालथी घातल्यावर तिनं विचारलं, "मामा, तुमी मला फोनवर कावून न्हाई सांगितलं?"

मी म्हणालो, "तुला वाईट वाटंल म्हणून."

"ते आत्ता वाटायलंय," ती म्हणाली. मी खरं कारण सांगितलं नव्हतं, हे तिला कळलं असावं. तेवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. समोर बस, उजेडात बस, तोंड दिसू दे. ती तशी बसली. मी ओसरीवर होतो, म्हणून पदर होता. पोरगी दोन मिनिटं बसायची आणि उठून माझ्याकडं यायची. मी म्हणालो, "अगं, सोड तो पदर. माझ्याकडून कायमची मुभा हाय तुला."

"मला न्हाई जमायचं, मामा," ती म्हणाली. "तुमच्यापुढं हात आपुआप जातोय."

आपोआप जाणाऱ्या हाताबद्दल मी तिला काय शिकवणार होतो? मी मागच्या खोलीत जाऊन बसून बघितलं, पण तिथून खोकलो तरी तिचा पदर वर जायचा आणि पोरगी मला शोधत यायची. तीन दिवस मी हे बघितलं. या घरात मी असेपर्यंत पोरीला आईचं तोंड दिसणार नव्हतं आणि दिसलं तरी ती बघणार नव्हती. चौथ्या दिवशी मी मुलाला सांगितलं की आष्टीच्या बहिणीला बरं नाही, तिला भेटून येतो. बहीण ठणठणीत होती. पोरगी परसात होती तेव्हाच मी पिशवी घेऊन निघालो, म्हणजे हाक ऐकू येऊ नये.

आष्टीत मी महिनाभर राहिलो. बहिणीच्या घरी माणसं चिक्कार आणि टीव्ही कायम चालू. सगळे माझ्याशी चांगले वागायचे, पण टीव्हीकडं बघत बोलायचे. मी बाजारात जाऊन बसायचो. कुणाची आई लेकराशी बोलताना दिसली की तिचं तोंड बघायचो, लेकरू बघतंय का ते बघायचो. एकदा एका बाईनं मला चांगलंच झापलं, "काय बघायलाव म्हाताऱ्या?" तिचंही बरोबर होतं. मुलाचा फोन यायचा, सगळं ठीक हाय म्हणायचा. पोरगी काय म्हणते ते मी विचारलं नाही. माझ्याशिवाय ती रडते असं कळलं असतं तर मी पुढच्या गाडीनं परत गेलो असतो, आणि रडत नाही असं कळलं असतं तर तेही मला सोसलं नसतं.

परत आलो तेव्हा दुपारचे तीन-चार वाजले होते. दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत, माझ्याच जागेवर सून मांडी घालून बसली होती आणि समोर पोरगी. सून काहीतरी सांगत होती, चिमणीचं की कावळ्याचं. पदर खांद्यावर होता. पोरीची नजर तिच्या तोंडावरून हलत नव्हती. मधेच पोरगी म्हणाली, "आई, आनखी." दोन शब्द, एकाला एक जोडून. ओठ आत घेतलेले नव्हते, पुढचे दात दिसत होते. माझं तोंड तिच्या तोंडातून गेलं होतं.

सुनेनं मला बघितलं. तिचा हात पदराकडं गेला, अर्ध्यात थांबला आणि मांडीवर परत आला. सहा वर्षं ती या घरात होती. तिच्या हनुवटीवर गोंदण आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"या, मामा," ती म्हणाली. "दमला असाल. पानी आनते."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. ओळख होती, पण हाक नव्हती. जुनं नाव तिनं आईला परत दिलं होतं आणि माझ्यासाठी दुसरं तिच्याकडं नव्हतं. सून म्हणाली, "आबा म्हण." पोरगी लाजून तिच्या मागं लपली.

पावसाळाभर ती मला काहीच म्हणाली नाही. शब्द रोज नवे यायचे, दूध, डाळ, बकरी, पाऊस. माझं काम असलं की सदऱ्याची बाही ओढायची. मी समोर बसून तिला 'आबा' शिकवू शकलो असतो, जागा होती, ऊन होतं. शिकवलं नाही. माझ्या तोंडानं एकदा घोटाळा करून झाला होता. बीडच्या बाईंनी तिला दुसऱ्यांदा तपासलं आणि सुनेची पाठ थोपटली. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो.

पुन्हा दसरा आला. मुलगा म्हणाला, पोरीला औंदा पण ठेवू या का? मी काही बोलायच्या आत सूनच म्हणाली, "न्हाई. मी न्हेणार. दर फेरीला बांधावर येऊन तोंडावरचं फडकं सोडीन, बोलंन आन परत बांधीन. मुकादमाला काय म्हणायचं ते म्हणू दे." मग माझ्याकडं वळून विचारलं, "बरोबर हाय ना, मामा?"

मी म्हणालो, "बरोबर हाय." बरोबरच होतं. आत जाऊन मी उगाच कणगीचं झाकण लावलं आणि पुन्हा काढलं. पुढचे सहा महिने या घरात कुणाशी बोलायचं, हा प्रश्न मला पडला होता आणि तो कुणाला विचारण्यासारखा नव्हता.

निघायच्या दिवशी ट्रॅक्टर वेशीवर लागला. दोन ट्रॉल्या, भांडीकुंडी, बांबू, शेळ्या, माणसं. ड्रायव्हरनं टेप लावलेला, इंजिन धडधडत होतं, शेळ्या ओरडत होत्या. सुनेनं पोरीला मागच्या ट्रॉलीत उभी केली आणि तिच्या कमरेला धरून बसली. मी खाली उभा होतो, दोन्ही हात खाली ठेवून. ट्रॅक्टर हलला. वीस-पंचवीस पावलं गेला असेल, तेव्हा पोरीनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं आणि काहीतरी ओरडली.

एक अक्षर ऐकू आलं नाही. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ते उघडलं, मग ओठ मिटले, मग परत उघडलं. ती पुन्हा ओरडली आणि पुन्हा ओठ मिटले. मी नीट बघितलं, माझी चूक होत नव्हती.

मी तिला ओ दिली. धूळ उडाली आणि ट्रॅक्टर वळणावरून गेला, तरी मी रिकाम्या रस्त्याकडं बघून ओ देतच होतो.